खोली घेताना अकरा प्रश्न, नोकरी घेताना एकही नाही

मॅडम, मी मूळचा सांगोला तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल. दोन वर्षं भोसरीत एका छोट्या मशिन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. हातात एकोणीस हजार येतात. पार्ट रिजेक्ट केला की प्रॉडक्शनवाले अंगावर येतात आणि महिनाअखेर आली की आमचेच साहेब म्हणतात, ‘जाऊ दे रे या वेळी.’ म्हणून दुसरीकडे बघतोय. तीन इंटरव्ह्यू झाले. टेक्निकल बरं जातं, पण शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ आलं की घसा सुकतो. दोनदा ‘नो सर’ म्हणून उठलो. तिसऱ्या वेळी नेटवरून पाठ करून गेलो आणि विचारलं, ‘सर, कंपनीचं व्हिजन काय आहे?’ प्लँटचे साहेब म्हणाले, ‘व्हिजन मालकांना माहीत. मला उद्याच्या डिस्पॅचपलीकडचं दिसत नाही.’ सगळे हसले. मीही हसलो. मामा म्हणतात, प्रश्न विचारणारा पोरगा उद्धट वाटतो, गप्प बसून नोकरी पदरात पाडून घे. मागच्या महिन्यात कात्रजला खोली बदलली तेव्हा मालकाला सगळं खोदून विचारलं, इथेच काय होतं कळत नाही. येत्या शुक्रवारी चाकणला इंटरव्ह्यू आहे. इंजिनचे पार्ट बनवणारी कंपनी, पॅकेज चार लाख वीस हजार. वीसेक प्रश्न मोबाईलमध्ये टाइप करून ठेवलेत. त्यातले कोणते विचारू?
— रा., कात्रज

प्रिय रा.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या प्लँटच्या साहेबांना हसले आणि दुसऱ्यांदा तुझ्या खोलीपाशी अडले. इथे जागेअभावी कापावं लागलं, पण मूळ पत्रात तू मालकाला काय काय विचारलंस ते सगळं लिहिलं होतंस. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, लाइटबिल भाड्यातच की वेगळं, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला आलो तर खालचं गेट उघडं असतं का, आधीचा पोरगा का सोडून गेला. मी मोजले, अकरा प्रश्न होते. मालकाने तुला उद्धट म्हटलं नाही, खोली दिली.

हे अकरा प्रश्न तू कोणत्याही यादीतून घेतले नव्हतेस. आधीच्या खोलीत पाण्यावाचून हाल झाले, म्हणून पाण्याचं विचारलंस. रात्री गेटबाहेर उभं राहावं लागलं, म्हणून गेटचं विचारलंस. जे भोगलं तेच तोंडात आलं. नोकरीच्या प्रश्नांचीही हीच रीत आहे. मोबाईलमधले ते वीस प्रश्न पुसून टाक आणि एका संध्याकाळी भोसरीच्या दोन वर्षांचा हिशेब मांड: काय जाचलं, कशाने चिडलास, कुठल्या दिवशी घरी आल्यावर जेवावंसं वाटलं नाही. तुझे प्रश्न त्यात आहेत.

पण आधी मामांचं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की त्यांचं अगदीच चुकत नाही. मी भोसरीत टाइम ऑफिसला लागले तेव्हा पंच कार्डं आणि ओव्हरटाइमचे हिशेब बघायचे. मग आमच्या खात्याचं पर्सोनेल झालं आणि पुढे एचआर. टेबल तेच राहिलं, खुर्ची तेवढी फिरती आली. त्या काळी पिंपरी-भोसरी पट्ट्यात मोठ्या कारखान्यात चिकटला तो चिकटला. पगार किती, ओव्हरटाइम कसा, बसची सोय काय, हे सगळं युनियन मॅनेजमेंटला विचारायची, तेही आवाज चढवून. दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार व्हायचा आणि प्रत्येकाला काय मिळणार ते नोटीस बोर्डावर लागायचं. एकट्या पोराने विचारायची गरजच नव्हती. आता तू स्टाफमध्ये जाणार, कदाचित कॉन्ट्रॅक्टवर. तुझ्या वतीने विचारायला कुणी नाही. मामांनी सांगितलेला नम्रपणा सोडू नकोस, तो आवाजात असू दे. ‘सर, एक विचारू का?’ म्हणून सुरुवात केलीस की उद्धटपणाचा प्रश्नच संपला.

आता तुझ्या हिशेबातलं पहिलं कलम घेऊ: महिनाअखेरीचं ‘जाऊ दे रे’. तुझ्या पत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं वाक्य ते आहे. क्वालिटीच्या माणसाची नोकरी चांगली की वाईट हे तिथेच ठरतं. म्हणून चाकणच्या क्वालिटी हेडला विचार: ‘सर, महिनाअखेरीला डिस्पॅच अडलंय आणि लॉट होल्डवर आहे, अशा वेळी लॉट सोडायचा की नाही हे कोण ठरवतं?’ बस, एवढंच, आणि मग गप्प राहा. ‘क्वालिटीचा निर्णय अंतिम असतो’ हे उत्तर पाठ केलेलं असतं, त्याने फार हुरळू नकोस. पण ते म्हणाले की, ‘मागच्याच महिन्यात असं झालं, कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन घेतलं, मगच गाडी सोडली,’ (डेव्हिएशन म्हणजे मापात थोडा फरक असलेला माल चालेल अशी परवानगी) तर तिथे पद्धत आहे असं समज. आणि ते नुसतेच हसले आणि प्रॉडक्शनच्या साहेबांकडे बघितलं, तर तुला तुझं भोसरीच पुन्हा भेटणार आहे, फक्त पगार थोडा जास्त.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे इन्स्पेक्शनच्याच जागेसाठी एक मुलगा आला होता. शर्टाच्या खिशात छोटी डायरी, इंग्रजी यथातथा. आमच्या क्वालिटी हेडनी सवयीने विचारलं, ‘एनी क्वेश्चन्स?’ आणि फाइल मिटायला घेतली. मुलाने डायरी काढली, एक पान उलटलं आणि विचारलं, ‘सर, गेल्या तीन महिन्यांत कस्टमर कंप्लेंट किती आल्या, आणि त्यातल्या रिपीट किती?’ साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. मग दहा मिनिटं ते एका बोअरच्या ओव्हॅलिटीबद्दल, म्हणजे पार्टमधलं भोक गोल न येता अंडाकृती येतं त्याबद्दल, बोलत होते, कागदावर पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं चित्र काढून. तो इंटरव्ह्यू राहिलाच नाही, दोन क्वालिटीवाल्यांच्या गप्पा झाल्या. तो मुलगा बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाले, ‘याला रिपीट कंप्लेंट म्हणजे काय ते कळतं.’ बाकी तीन उमेदवारांचे मार्क जास्त होते. नोकरी याला मिळाली.

त्याने काय केलं ते नीट बघ. ‘तुमच्याकडे क्वालिटी कशी आहे?’ असं तो म्हणाला नाही. ‘कशी आहे’ विचारलं की ‘उत्तम आहे’ येतं. वर्क कल्चर कसं? फॅमिलीसारखं. ग्रोथ कशी? भरपूर स्कोप. ही उत्तरं मी स्वतः वर्षानुवर्षं दिलेली आहेत, चहा थंड व्हायच्या आत, आणि खरं सांगायचं तर कधीकधी माझाच त्यांच्यावर विश्वास नसायचा. पण ‘मागच्या वेळी काय झालं?’ विचारलं की माणसाला आठवावं लागतं, आणि आठवताना थाप मारणं अवघड जातं. ‘ग्रोथ आहे का?’ऐवजी ‘इन्स्पेक्टर म्हणून लागलेला कुणी आज इंजिनिअरच्या पोस्टवर आहे का, त्याला किती वर्षं लागली?’ ‘कामाचा ताण आहे का?’ऐवजी ‘मागच्या महिन्यात किती गुरुवार प्लँट चालू होता?’ (पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते. रविवारी लग्नं असतात आणि आमची माणसं मशिनवर.)

तुझ्या घरमालकाला विचारलेला ‘आधीचा पोरगा का सोडून गेला’ इथेही चालतो, जरा शब्द बदलून: ‘सर, ही जागा नवीन तयार झाली आहे की कुणाच्या जागी घेताय?’ कुणाच्या जागी असेल तर ‘ते आता कुठे आहेत?’ दुसऱ्या खात्यात बढतीवर गेले, तर छान. वर्षभरात तिसरा माणूस शोधताहेत असं कळलं, तर मशिन तेच आहे आणि बिघाडही तोच आहे.

दुसरं कलम तुझ्या हिशेबात नाही, मी घालते. कंपनी इंजिनचे पार्ट बनवते म्हणतोस. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नसतो, कनेक्टिंग रॉड नसतो, व्हॉल्व्ह नसतो. याचा अर्थ ती कंपनी बुडणार असा मुळीच नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले तेव्हाही आमच्या पट्ट्यात बऱ्याच जणांची झोप उडाली होती, आणि ज्यांनी आधीपासून तयारी केली ते निभावले. पण पंचविशीतल्या पोराला पुढची तीस वर्षं काढायची आहेत. तेव्हा प्लँट हेड समोर असतील तर विचार: ‘सर, आपले किती पार्ट फक्त पेट्रोल-डिझेल इंजिनाला लागतात, आणि ईव्हीला लागणारा एखादा पार्ट डेव्हलपमेंटमध्ये आहे का?’ तुला व्हिजन विचारायचं होतं ना? ते असं विचारतात. हा प्रश्न डिस्पॅचवाल्या साहेबांनाही कळतो.

त्यासाठी थोडा अभ्यास मात्र हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर पार्टचे फोटो असतात, त्यातले तू हाताळलेले कुठले ते बघ. आयएटीएफ १६९४९, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटी पद्धतीचं सर्टिफिकेट, आहे का बघ. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी नोंदली गेली ते दिसतं. जे तिथे लिहिलेलं आहे ते इंटरव्ह्यूत विचारू नकोस. ‘आपले कस्टमर कोण?’ असं विचारून रिसेप्शनमधल्या भिंतीवर त्याच कस्टमरची पाच सर्टिफिकेटं लटकत असतील, तर फार वाईट दिसतं. हे मी पाहिलेलं आहे. त्या मुलाची पाठ त्या भिंतीकडे होती, बिचारा.

आता पैशाचं. हे क्वालिटी हेडला विचारू नकोस. त्यांना स्वतःचा पगार कसा कापला जातो हेही बहुधा माहीत नसतं. एचआरचा राउंड त्यासाठीच असतो. ‘पगाराचं पहिल्यांदा विचारायचं नाही’ हा सल्ला सगळे देतात, मला तो अर्धाच पटतो. निवड व्हायच्या आधी घासाघीस नको, हे बरोबर. पण त्यांनीच आकडा सांगितला असेल तर तो समजून घेणं म्हणजे घासाघीस नाही. तुझे ४,२०,००० घे. कागदावर महिन्याला ३५,०००. त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग, असेल तर ३,५०० गेले, ते वर्षाअखेरीस मिळतील तेव्हा मिळतील. बेसिक १५,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ७२० च्या आसपास, आणि नियमित नोकरीत ती साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात पडते. मेडिक्लेमचा हप्ता ५०० धर. राहिले २८,४८०. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००), कँटीन आणि बसचे मिळून ८०० धर. हातात २५,६८०. वाईट नाही, भोसरीपेक्षा साडेसहा हजारांनी जास्तच आहे. पण तू जर गावी वडिलांना पस्तीस हजार सांगून बसला असशील, तर पहिल्या पगाराला दोन्हीकडे तोंड लपवत फिरशील. माझे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक कंपनीची विभागणी वेगळी. म्हणून एचआरला सरळ म्हण, ‘मॅडम, ब्रेकअप मिळेल का? आणि मागच्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिलं?’ मागच्या वर्षी. पुढच्या नव्हे.

त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट, आणि ही पगाराहून महत्त्वाची: ‘मी कंपनीच्या रोलवर असेन की कॉन्ट्रॅक्टरच्या?’ जाहिरात कंपनीची, इंटरव्ह्यू कंपनीत, आयडी कार्डावर लोगो कंपनीचा, आणि ऑफर लेटर मात्र भलत्याच मॅनपॉवर एजन्सीचं, हे चाकणला नवीन नाही. ते दर वेळी बेकायदा असतंच असं नाही. पण आधी माहीत असलेलं आणि सहीच्या वेळी कळलेलं यात फरक पडतो. ‘डीईटी’ म्हणजे डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी म्हणून घेणार असतील तर ट्रेनिंग किती महिन्यांचं, नंतर कन्फर्मेशन कशावर ठरतं, मागच्या बॅचमधले किती जण कन्फर्म झाले. दोन वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा ट्रेनी व्हायचं की नाही हेही घरून ठरवून जा, तिथे बसून नको.

आणि बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. रूमवर कुणीतरी सांगतंच की ‘बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर.’ तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेल असा त्याचा अर्थ नाही, रक्कम आणि कारण वाजवी आहे का ते न्यायालय बघतं. पण हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. किती महिन्यांचा, किती रकमेचा, कोणत्या ट्रेनिंगच्या खर्चापोटी, नोटीस पिरियड तीस दिवसांचा की नव्वद, हे विचार. ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले तर दाखव, झेरॉक्स दे, ओरिजिनल पिशवीत परत ठेव.

कात्रजहून चाकण चाळीसेक किलोमीटर आहे आणि मध्ये भोसरी, मोशी, मग चाकणचा तळेगाव चौक. फर्स्ट शिफ्ट सातची असेल तर बस तुला पहाटे कुठून उचलणार, की कंपनीची बस नाशिक फाट्यापासूनच सुरू होते? बसचा शेवटचा स्टॉप कुठला हे एचआरला विचारायला लाजू नकोस. आमच्याकडे जॉइन होऊन आठवड्यात सोडून गेलेल्या पोरांत पगारावरून गेलेले थोडे, प्रवासाने गेलेले जास्त.

या सदराला पत्र लिहिणाऱ्या मुलींसाठी एवढंच जोडते: सेकंड किंवा थर्ड शिफ्ट असेल तर गाडी दारापर्यंत की चौकापर्यंत हे विचारा, आणि लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या इंटर्नल कमिटीत कोण आहे तेही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. एचआरला नावं पटकन सांगता आली नाहीत, तर ती कमिटी फक्त कागदावर आहे.

काही उत्तरं न विचारताही मिळतात. वेळेच्या अर्धा तास आधी पोच. गेटजवळ सेफ्टी बोर्ड असतो, ‘शेवटच्या अपघातापासून इतके दिवस’. त्यावरची तारीख आजची आहे का बघ. तीन महिन्यांपूर्वीचीच असेल तर बोर्ड विकत आणलेला आहे, पाळलेला नाही. समोरच्या टपरीवर चहा घे. शिफ्ट सुटताना माणसं येतात, त्यांना एकच विचार, ‘पगार किती तारखेला होतो?’ कायद्याने तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. ‘सातच्या आत’ असं सहज येतं की ‘बघा, होतो कधीतरी’ येतं, एवढ्यावर मालकाची निम्मी ओळख पटते.

इंग्रजीची धास्ती तू लिहिली नाहीस, पण ‘घसा सुकतो’मध्ये मला ती ऐकू आली. प्रश्न मराठीत लिही. होल्ड, डेव्हिएशन, रिपीट कंप्लेंट हे शब्द तू रोज वापरतोसच, ते तसेच राहू दे. समोरचे साहेब मराठी नसतील तर हिंदीत विचार. आरशासमोर नको, रूममेटला खुर्चीवर बसवून दोनदा मोठ्याने विचारून बघ. तो हसेल, हसू दे.

किती विचारायचे? क्वालिटी हेडला दोन, फार तर तीन, एचआरला चार. कुठल्याही प्रश्नाआधी स्वतःला विचार, ‘याचं उत्तर वाईट आलं तर मी ही नोकरी नाकारेन का, निदान दोनदा विचार करेन का?’ नसेल तर तो प्रश्न कापून टाक. बोलता बोलता त्यांनीच एखादं उत्तर दिलं असेल तर तेही कापायचं, आणि शेवटी ‘माझ्या मनात होतं ते आपण आधीच सांगितलंत’ एवढं म्हटलं तरी चालतं. ते ‘नो सर’ नव्हे.

राहिला मोबाईल. चाकणच्या बऱ्याच प्लँटमध्ये तो गेटवरच जमा करून घेतात. वॉचमनकडून टोकन मिळेल, आणि तुझे प्रश्न त्याच्या लाकडी खणात पडून राहतील. कागदावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेव.